घरची रीत आणि मुलांचे लेखन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी मला जो विषय नेमून दिला आहे, तो कार्यक्रमपत्रिकेवर फार भारदस्त दिसतो. कुटुंबाच्या व समाजाच्या परंपरा, त्यांतून होणारी व्यक्तिमत्त्वाची घडण आणि तिचा लेखनाशी असलेला संबंध, असा तो विषय आहे. एखाद्या साहित्य संमेलनाच्या परिसंवादात तो शोभून दिसला असता. परंतु आपण प्राथमिक शाळेची माणसे आहोत. तेव्हा त्याचा भारदस्तपणा जरा बाजूस ठेवून मी त्याला चौथीच्या निबंधाच्या वहीपर्यंत खाली आणणार आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे खरे ठिकाणही तेच आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एका शाळेस भेट दिली. वर्ग चौथीचा होता, वह्या नीटनेटक्या होत्या, तपासणी वेळेवर झालेली होती. 'माझी आई' हा निबंध मी ओळीने वाचावयास घेतला. माझी आई पहाटे लवकर उठते, ती मला गरम गरम नाश्ता देते, ती माझा अभ्यास घेते, मला माझी आई फार आवडते. दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीत तेच. अक्षर तेवढे निराळे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकातून तो निबंध फळ्यावर आला होता आणि फळ्यावरून वह्यांत उतरला होता. शेवटच्या बाकावरील एका मुलास मी सहज विचारले, "आज आईने नाश्त्याला काय दिले?" मुलगा गप्प राहिला. शेजारचा मुलगा म्हणाला, "साहेब, त्याचे आईबाप उसाच्या तोडीवर गेलेले आहेत. तो आजीजवळ राहतो."

ऊसतोडीच्या कामावर नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. म्हणजे ज्या महिन्यात त्या मुलाने आपली आई रोज पहाटे गरम नाश्ता देते असे लिहिले, त्या महिन्यात त्याची आई दूरच्या फडात मोळ्या बांधत होती. त्याच्या निबंधास दहापैकी आठ गुण मिळाले होते. त्या शिक्षकास मी दोष देत नाही. तसे निबंध मीही लिहून घेतलेले आहेत आणि याहून वाईटही केले आहे. ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

सुमारे ३० वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पदविका घेऊन नुकताच नोकरीस लागलो होतो. आपल्या खानदेशातीलच एक गाव. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी 'उन्हाळ्याची सुट्टी' हा विषय दिला. एका मुलीने सुट्टीचे वर्णन केलेच नाही. तिने फक्त आखाजीबद्दल लिहिले, आणि तेही पाच-सहा ओळी. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको. त्या मुलीने अहिराणीत लिहिले होते, "आखाजीले मनी मोठी बहीन उनी नही. मनी माय झोकावर बसनी नही."

बहीण आली नाही, आई झोक्यावर बसली नाही. एवढेच.

मी काय केले? तांबडी शाई घेतली आणि 'आखाजीले', 'मनी', 'उनी', 'बसनी' या शब्दांवर एकेक रेघ ओढली. समासात लिहिले, 'शुद्ध भाषेत लिही. सुट्टीचे वर्णन कोठे आहे?' मुलीने वही घेतली आणि जागेवर जाऊन बसली. पुढच्या वेळी तिने पुस्तकातील निबंध उतरवून आणला. तो शुद्ध होता. मी खाली 'छान' असा शेरा दिला. वर्षभर ती तसेच लिहीत राहिली आणि मीही तसेच शेरे देत राहिलो.

तिची बहीण का आली नाही, हे मी विचारले नाही. पुढील वर्षी माझी बदली झाली. आजही मला ते ठाऊक नाही.

वस्तुतः मी स्वतः ज्या घरात वाढलो, तेथे अहिराणीच बोलली जात असे. मग त्या भाषेची मला लाज का वाटली? याचा शोध मी पुष्कळ वर्षांनी घेतला. आमच्या घरी श्रावणात पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचे १७१८ सालचे 'शिवलीलामृत' वडील संध्याकाळी ओट्यावर वाचत. माझ्या आजीस अक्षरओळख नव्हती, पण वाचताना वडिलांकडून एखादी ओळ गळली तर ती जागच्या जागी खोकत असे. वडील मागे जाऊन गळलेली ओळ वाचत. म्हणजे माझ्या कानांवर दोन भाषा पडत होत्या. एक पोथीची, ती ओट्यावर मान ताठ करून बसलेली, आणि दुसरी चुलीजवळची, जिच्यात रागावणे, हसणे, भाव करणे, रडणे सर्व काही होत असे. शाळेत गेल्यावर मला कळले की गुरुजींच्या जवळची आहे ती पहिली, दुसरी घरीच ठेवून यावयाची. मी ती इतकी नीट ठेवून आलो की, शिक्षक झाल्यावर दुसऱ्यांच्या मुलांकडूनही ती काढून घेऊ लागलो. आज मी 'सदरहू शाळेस भेट दिली असता' अशा थाटाचे शेरे न अडखळता लिहू शकतो. पण आजीवर चार ओळी लिहावयास बसलो की पेन अडते. तिच्या तोंडचे शब्द प्रमाण मराठीत मांडले की ते आजीचे राहत नाहीत. माझ्या लेखनाची ही उणीव कोणत्याही प्रशिक्षणाने भरून निघालेली नाही.

व्यक्तिमत्त्व, ओळख, हे शब्द आपण शैक्षणिक कागदपत्रांत वारंवार वाचतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यांचा अर्थ काय? माझ्या मते असा की, आपल्या घरी सण कसा होतो, कोणाला काय म्हणून हाक मारतात, कोणत्या भांड्यात काय शिजते, कोणत्या गोष्टीवर हसतात आणि कोणत्या गोष्टीविषयी बोलत नाहीत, एवढ्या सामग्रीतून मूल 'मी कोण' याचे पहिले उत्तर तयार करीत असते. ते उत्तर पुढे बदलते, बदलावेही. परंतु लिहावयास बसलेल्या मुलाजवळ तेवढेच भांडवल असते. ते वापरावयाचे नाही असे आपण सांगितले, तर पुस्तकातून उतरवून घेण्याखेरीज त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

याच जिल्ह्यांच्या मातीतील एक उदाहरण आपणांस तोंडपाठ आहे, पण त्याची एक बाजू आपण क्वचितच पाहतो. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर बसून त्या गाणी रचीत. त्यांची गाणी कागदावर उतरली ती त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातलग यांच्या हातून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. हे सर्व आपण मुलांना सांगतो. मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते सोपानदेवांकडे. ते स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत कविता लिहीत होते. आईचे शब्द लिहून घेताना ते 'सुधारण्याचा' मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनी ते घरच्या लेवा बोलीत होते तसेच राहू दिले. आईचे गाणे उतरवून घेणारा तो हात माझ्यासारख्या तपासनीस शिक्षकाचा असता तर आज काय शिल्लक राहिले असते, हा विचार माझ्या मनात आला की मला अस्वस्थ वाटते.

बहिणाबाई एकट्या नव्हत्या. जात्यावर दळताना ओवी म्हणण्याची रीत महाराष्ट्रभर होती आणि त्या ओव्यांत बायकांनी माहेर, सासर, भाऊ, पंढरी, दुष्काळ यांविषयी आपापले म्हणणे मांडले आहे. साने गुरुजींनी अशा ओव्या मिळवून 'स्त्रीजीवन' या नावाने प्रसिद्ध केल्या. पुढे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि म्हणण्याचा प्रसंगच संपला. अजून काही आजीबाईंना त्या येतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी अशी एखादी आजी असेल तर तिला शाळेत बोलवावे, एवढे मी जाता जाता सुचवितो. तिच्यासाठी एक खुर्ची लागेल आणि चहा. पोषण आहाराच्या वेळेनंतर बोलवावे, म्हणजे मुले शांत असतात.

साने गुरुजींचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. ते १९२४ पासून काही वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत. तुरुंगात संदर्भग्रंथ कोठून असणार? त्यांच्याजवळ होते ते कोकणातील पालगडचे घर, आईच्या तोंडची वाक्ये, घरातील व्रते आणि घरातील दारिद्र्य. पुस्तकाची मांडणी पाहा. प्रकरणांना त्यांनी 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे दिली आहेत. रात्रीची जेवणे झाल्यावर माणसे जमतात आणि एकजण सांगू लागतो, ही आपल्या घरांतील रीतच त्या पुस्तकाचा साचा झाली आहे. परंपरेने लेखकाला केवळ विषय दिला नाही, सांगण्याची पद्धतही दिली.

येथवर ऐकून कोणाचा असा समज होईल की, हा मनुष्य जुन्या चालीरीतींचे गोडवे गाण्यासाठी उभा राहिला आहे. तसे नाही. घरची रीत नेहमीच गोड असते असे नाही, आणि चांगले लिहिणाऱ्यांनी ते कधी लपविलेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आपण हसतो आणि लगेच आपल्या हसण्याचे आपल्याला वाईट वाटते. दया पवारांच्या १९७८ सालच्या पुस्तकाचे 'बलुतं' हे नावच गावगाड्याच्या एका परंपरेचे आहे आणि पुस्तक त्या परंपरेवरील आरोपपत्र आहे. कैकाडी समाजात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांनी 'उपरा' लिहिले १९८० साली. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या माणसांचे घर कोणते, असा प्रश्न ते पुस्तक विचारते. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मकथन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. त्यांनी सवर्णांच्या अन्यायाबद्दल लिहिले, तसेच आपल्या घरातील पुरुषांनी बायकांचे केलेले हालही लिहिले. परंपरेतून आलेली माणसेच परंपरेचा हिशेब मागू शकतात, कारण तिचे जमाखर्च त्यांना घरातून ठाऊक असतात.

म्हणून मला एक धोका स्पष्ट सांगावयाचा आहे. 'आमचे कुलदैवत', 'माझ्या वडिलांचा व्यवसाय', 'आमच्या घरचे लग्न' असे विषय देऊन निबंध वर्गात मोठ्याने वाचावयास लावण्याची प्रथा काही शाळांत उत्साहाने सुरू झाली आहे. हेतू चांगला असतो. परंतु अशा विषयांनी दहा मिनिटांत अख्ख्या वर्गाला प्रत्येकाची जात कळते. एखाद्या मुलीचे वडील घर सोडून गेलेले असतात, एखाद्या मुलाचे वडील दारूपायी काही करीतच नाहीत. लिहिणे आणि वाचून दाखविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलाने लिहिलेले वर्गापुढे यावे की नाही, हे मुलानेच ठरवावे. ते केवळ शिक्षकाने वाचावे असे त्याला वाटले तर तो आपल्यावरील विश्वास आहे, आणि त्या विश्वासाची वाच्यता शिक्षककक्षात चहाबरोबर करावयाची नसते. हे मी कडक शब्दांत बोलत आहे याची मला जाणीव आहे. तसाच 'आपली संस्कृती' नावाचा कार्यक्रम करून मुलांना नऊवारी नेसवावी, फेटे बांधावे आणि छायाचित्र समूहावर पाठवून द्यावे, याचाही लेखनाशी फारसा संबंध नाही. कार्यक्रम अवश्य करावा. लेखनाचा तास त्यात खर्ची घालू नये.

मग करावे काय? माझ्या अनुभवास आलेले सांगतो. प्रश्न लहान करावा. 'माझी आई' हा विषय फार मोठा आहे, मोठ्या माणसालाही तो पेलत नाही. त्याऐवजी 'पहाटे तुमच्या घरात सर्वांत आधी कोणता आवाज येतो?' असे विचारावे. एका वर्गात हे विचारले तेव्हा कोणी मोटारपंप लिहिला, कोणी आजोबांचा खोकला, कोणी शेजारच्या मशिदीतील बांग. एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे आवाज येत नाही, आई भांडी वाजू देत नाही, बाबा रात्रपाळीहून येऊन झोपलेले असतात. हे वाक्य कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळणार नाही. आईचे प्रेम, बापाचे कष्ट, सर्व त्यात आले आणि 'प्रेम' हा शब्द एकदाही आला नाही.

लिहिण्यापूर्वी बोलू द्यावे. बोलताना मूल घरच्या भाषेत बोलेल. बोलू द्यावे. पहिल्या लेखनात घरचे शब्द राहू द्यावे, त्यांवर रेघ ओढू नये. प्रमाण भाषेतील शब्द शेजारी लिहावा. 'माय' खोडून 'आई' करावयाचे नाही. 'माय'च्या शेजारी 'आई' ठेवावयाचे आहे. मुलाला दोन शब्द मिळाले, एक गेला नाही.

यावर आपणांपैकी काहींची हरकत मला ठाऊक आहे, कारण ती रास्त आहे. गुण प्रमाण भाषेला मिळतात, पालकही विचारतात की पोरगा शाळेत जाऊन गावठीच लिहिणार असेल तर शाळा कशाला. त्या पालकांचे म्हणणे मी टाळू इच्छित नाही. अर्ज, करारपत्र, न्यायालयाचा कागद, नोकरीची परीक्षा प्रमाण भाषेतच असते, आणि ती नीट न आल्याने ज्यांची फसवणूक होते ती माणसे गरिबांतीलच असतात. प्रमाण भाषा पक्की शिकवलीच पाहिजे, त्यात सूट नाही. प्रश्न क्रमाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकविण्यावर भर दिला आहे. पण धोरणाचा आधार बाजूला ठेवला तरी वर्गातील अनुभव सांगतो की, ज्या मुलाला आपले म्हणणे घरच्या शब्दांत पुरते मांडता आले, ते मूल तेच म्हणणे प्रमाण मराठीत आणावयास पुढे तयार होते. ज्याला म्हणावयाचेच काही राहिले नाही, त्याचे शुद्धलेखन सुधारून आपण काय करणार?

गेल्या श्रावणातील एक वही सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाईचे रोट होतात. घरातील माणसांच्या हिशेबाने धान्य घ्यावयाचे, सुरत-पुण्याला गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावी यावयाचे, आणि रोट भाऊबंदांनीच मिळून खावयाचे, अशी रीत. घरोघर तपशील थोडे निराळे असतात. पाचवीतील एका मुलाने लिहिले होते, "यंदा आमचे रोट दोन ठिकाणी झाले. मी दोन्हीकडे गेलो. काकांकडे मला कोणी बस म्हणाले नाही, पण काकूने हातात दिले." त्याखाली त्याने देवीची मिरवणूक, गाणी, फुगड्या वगैरे नेहमीचे लिहिले होते. त्याच्या बाईंनी मला ती वही दाखविली आणि विचारले, याला किती गुण द्यावे? व्याकरणाच्या चार चुका होत्या. बाईंनी चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या आणि त्या तीन वाक्यांजवळ समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, 'मग तू काय केलेस?' मुलाने दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली आणखी दीड पान लिहून आणले होते. वाटणी कशी झाली, बैल कोणाकडे गेला, आजी कोणत्या घरी जेवते, सर्व काही. ते पान वर्गात वाचले गेले नाही. बाईंनी मलाही मुलाला विचारूनच दाखविले.

मला इतक्या वर्षांनी जे सुचले नाही, ते त्या बाईंना तीन वर्षांच्या नोकरीत सुचले. आखाजीची ती वही माझ्यापुढे आली तेव्हा मी समासात जो प्रश्न लिहावयास हवा होता, तो हाच.

आता थोडे कामाचे. पुढील महिन्यापासून शाळाभेटीच्या वेळी मी प्रत्येक शाळेत चौथी-पाचवीच्या निबंधाच्या वह्या मागणार आहे. निवडक वह्या काढून ठेवू नयेत, आणि नव्याने उतरवून घेऊ नयेत. चुका असलेल्या चालतील. ज्या पानावर मुलाने नाव न लिहिण्याची किंवा पान न दाखविण्याची इच्छा सांगितली असेल, ते पान दुमडून ठेवावे. मी उघडणार नाही. मध्यंतरानंतर दोन तास आपण गटांत बसून लहान प्रश्न तयार करावयाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या शाळेच्या गावाचा विचार करून निदान पाच प्रश्न लिहावेत, आणि सुरुवात म्हणून त्यांतील एकाचे उत्तर स्वतःच्या घराविषयी, आपल्या घरच्या बोलीत, अर्ध्या पानात लिहावे. मीही लिहिणार आहे.